सद्भावनेनं दिलेली खबर

२० ऑगस्ट २०२४. बदलापूर स्थानक. रुळांवर माणसंच माणसं. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला होता आणि तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवलं होतं. गर्दीचा संताप त्या ताटकळण्यावरही होता.

हे ठाण्यातलं टेबल. ही नोंदवही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ इथं लागू होतं. खबर आईनं दिलेली असो की बापानं, ती लिहून घ्यायची, नोंद क्रमांक टाकायचा आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं. ऐकल्याशिवाय सही करू नका. एफआयआरची प्रत मागून घ्या, तिला पैसे पडत नाहीत. ‘आमची हद्द नाही’ ही सबब चालत नाही. खबर नोंदवून न घेणं हाही कलम २१ खाली गुन्हाच आहे.

तरी कितीतरी आईबाप दारातूनच परत फिरतात. पुरावा कुठून आणायचा? शाळेनं अब्रुनुकसानीचा दावा ठोकला तर?

पुरावा तुम्ही आणायचा नाही. तपास पोलिसांनी करायचा. गुन्हा घडेल अशी भीती वाटली, तरी कळवायचं. सद्भावनेनं खबर देणाऱ्यावर ना दिवाणी जबाबदारी येते, ना फौजदारी. कलम १९, पोटकलम ७. हे पोटकलम प्रत्येक पालकसभेत मोठ्यानं वाचलं गेलं पाहिजे. शिक्षा होते ती बदनामी, खंडणी, धमकी अशाच हेतूनं खोटी तक्रार करणाऱ्याला. शंका सिद्ध झाली नाही, एवढ्यानं होत नाही.

आता पाहताय तो पोलीस प्रशिक्षणातला सराव आहे. सलवार-कमीजमधल्या या बाई उपनिरीक्षक आहेत. मुलाचा जबाब घेताना गणवेश घालायचा नाही. शक्यतो महिला अधिकाऱ्यानंच, मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथं जायचं. चटईवर बसलेल्या या बाईंची वही मांडीवर आहे; आईच्या भूमिकेतली सहकारी मुलाला खेटून बसली आहे. मूल बोलेल तसंच लिहायचं, शब्द सुधारायचे नाहीत. २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. पुढं खटल्यात सोबत करायला समिती सहायक व्यक्ती देऊ शकते. मुलाची ओळख माध्यमांना उघड करता येत नाही, म्हणून या चित्रफितीत एकाही पीडित कुटुंबाचा चेहरा नाही.

बदलापुरात शाळेच्या विश्वस्तांवर खबर न दिल्याचा गुन्हा दाखल झाला. संस्थाप्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

ठाण्यात जायला पाय उचलत नसेल, तर मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ लावा. रात्री-अपरात्रीही.