टँकर कुठं खाली करायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

पोळा झाला, गणपती झाले, आमच्या भागात पाऊस पडला तो माती भिजवण्यापुरता. विहिरींना पाझर फुटलेला नाही. म्हणून उन्हाळ्यातला विषय मी आज, पावसाळा सरायच्या आत काढते आहे. विषय टँकरचा. तुम्ही म्हणाल, टँकरला अजून सहा महिने आहेत. पण टँकरचं जे काही ठरायचं ते आत्ता ठरतं. एप्रिलमध्ये नुसती धावाधाव होते.

मी बीड जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात शेतवस्तीवर राहणारी. गावठाण आमच्यापासून अडीच किलोमीटर. वस्तीवर अडतीस घरं. पाणी बोअरचं, आणि बोअर होळीच्या आतबाहेर उचक्या द्यायला लागतो. तिथून पुढं मृगापर्यंत आमचं सगळं टाक्यांवर आणि टाक्या टँकरवर. आठ वर्षं मी गावच्या पाणीपुरवठा समितीवर काम केलं. म्हणजे हंडा घेऊन टँकरची वाटही पाहिली आणि टँकर मागवायचे कागदही हिंडवले.

टँकर वस्तीच्या फाट्यावर येतो, ड्रायव्हर काच खाली घेतो आणि एकच विचारतो, "कुठं खाली करायचा?" कितीतरी वर्षं आमच्याकडं या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. जो पुढं असेल तो हात करायचा, विहिरीकडं.

2019 चा उन्हाळा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. राज्यात 6 हजारांवर टँकर धावत होते. त्यातला एक आमच्या वस्तीला मिळाला, 10 हजार लिटरचा. तो आमच्या कोरड्या विहिरीच्या काठाला लागायचा. जाड पाइप आत सोडला की पाणी चाळीस फुटांवरून तळाच्या मुरमावर आदळायचं. वर येणारा वास मातीचा आणि रंग चहाचा. चारी बाजूंनी बायका वाकलेल्या, दोरात दोर अडकलेले, एकीचा पोहरा दुसरीच्या पोहऱ्यावर आपटतोय. माझ्या थोरल्या जाऊबाई कठड्याच्या निसटत्या दगडावर पाय देऊन शेंदत होत्या. दगड सुटला. मागच्या बाईनं पदर धरला म्हणून त्या वाचल्या, पण मनगट मोडलं. तेव्हा त्यांचं वय बासष्ट. पुढचे दोन महिने त्या घरात लोटा उचलू शकल्या नाहीत.

त्याच आठवड्यात आम्ही चौघीजणी विहिरीजवळ वही घेऊन बसलो. टँकर खाली झाल्यापासून तळाला गाळ लागेपर्यंत किती हंडे निघाले, ते मोजले. 390 हंडे निघाले. एक हंडा 15 लिटरचा धरला तर 5 हजार 850 लिटर. टँकर 10 हजारांचा. राहिलेलं पाणी मुरमानं प्यायलं, भेगांत गेलं, गाळात बसलं. नोंदवहीत मात्र 10 हजार लिटरची खेप लागली होती आणि ती खोटी नव्हती. टँकर आला होता, भरलेला आला होता. आता टँकरला जीपीएस असतो, गाडी गावाच्या हद्दीत शिरली हे कचेरीत बसून दिसतं. पण त्यातलं किती पाणी कुणाच्या घरात गेलं, ते जीपीएसला दिसत नाही. ते आपण बघायचं.

लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीत 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. बातमी सगळ्यांनी ऐकली ती रेल्वेची. ते पाणी उतरवून घ्यायचं कुठं, तिथून शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यायचं कसं, याची जोडणी जमिनीवर कुणीतरी करून ठेवली, म्हणून ते पाणी नळांपर्यंत गेलं. वस्तीच्या टँकरचंही तसंच आहे, फक्त आपल्याकडं जोडणी करणारं वेगळं कुणी नसतं.

आम्ही काय केलं ते सांगते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत पाण्यासाठी राखलेला भाग होता. त्यातून ग्रामपंचायतीनं 5 हजार लिटरच्या दोन टाक्या दिल्या. सुरुवातीला त्या मारुतीच्या पारावर बसवायचं चाललं होतं, दिसायला चांगलं म्हणून. तेव्हा आमच्या वस्तीवरच्या एका गवंड्यानं विचारलं, टँकरचा कॉक जमिनीपासून किती उंच आहे? गाडीचा कॉक असतो टाकीच्या बुडाला. आपल्या टाकीचं तोंड त्याच्याहून वर असलं की पाणी आपसूक उतरत नाही, पंप लावावा लागतो, आणि पंप म्हटला की वीज आली. म्हणून आम्ही जागा बदलली. रस्ता जिथं भरावावर आहे त्याच्या खालच्या अंगाला ओटा बांधला आणि त्यावर टाक्या. टँकर वर रस्त्यावर उभा राहतो, पाइप खाली सोडतो, पाणी धारेनं उतरतं. टाकीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी मिळून आठ तोट्या, हंडा बसेल इतक्या उंचीवर. सांडलेलं पाणी पन्हाळीनं जनावरांच्या हौदात जातं. आता पोर गेली काय नि म्हातारी गेली काय, कुणाला वाकायला लागत नाही.

रस्त्याचंही बघा. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो वजन. 10 हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच 10 टन, गाडीचं वजन वेगळं. काळ्या रानातली वाट अवकाळीच्या एका सरीनं चिखल होते, आणि मग रुतलेला टँकर काढायला ट्रॅक्टर शोधत फिरायचं. मोठी गाडी वळवायला जागा नसेल, वाटेत नळकांडी पूल असेल, तर 5 हजार लिटरचा ट्रॅक्टर-टँकर मागा. खेपा दोन होतील, पण पाणी पोचेल.

आता घरच्या टाकीविषयी. वस्तीवर बऱ्याच जणांनी पदरमोड करून जमिनीत टाकी बांधली आहे, पण किती लिटरची म्हणून विचारलं तर मोघम उत्तर येतं. लांबी, रुंदी, खोली फुटात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, त्याला 28.3 नं गुणा. झाले लिटर. आमची टाकी 8 फूट लांब, 6 फूट रुंद, 5 फूट खोल. म्हणजे 240 घनफूट, जवळजवळ 6 हजार 800 लिटर. हे माहीत नव्हतं तेव्हा मी एकदा 10 हजार लिटरचा खासगी टँकर एकटीनं मागवला होता. टाकी भरली, उरलेलं ड्रमात, पातेल्यात, बादल्यांत भरलं, आणि तरी कितीतरी पाणी ओढ्याकडं वाहिलं. पैसे मात्र सगळ्याचे. ते वाहतं पाणी बघून सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली बाई ती. आता शेजारच्या घरासोबत मागवते, आधी दोन्ही टाक्यांत काठी घालून बघते.

काठीचं सांगायचं राहिलं. टाकीत एक सरळ काठी ठेवा, फुटाफुटावर खूण करा. आमच्या टाकीत एका फुटाला साधारण साडेतेराशे लिटर बसतात. वापर रोजचा 300 लिटर असेल, तर पाव टाकी उरली की हातात पाच दिवस असतात. तिथं लाल खूण. पाणी त्या खुणेला आलं की फोन करायचा. तळ दिसल्यावर नाही, कारण चैत्र-वैशाखात फोन केला आणि गाडी लगेच आली, असं मी तरी एकदाही पाहिलेलं नाही.

खासगी टँकर घेताना दर विचारण्याआधी विचारा, पाणी भरलं कुठून? कुणाच्या विहिरीतून, बोअरमधून, की शुद्धीकरणाच्या केंद्रावरून? आणि या टाकीत आधी दुसरं काही वाहिलंय का? झाकण उघडून आत बघायला, वास घ्यायला संकोच करू नका. चांगला गाडीवाला स्वतः झाकण उघडून दाखवतो. पाणी कुठलंही असो, टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, लागतेच. हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 10 हजार लिटरच्या टँकरला 50 ग्रॅम. पावडर तशीच टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. मग आरोग्य केंद्रातून मिळणारी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उतरलं का ते बघायची चाचणी, करा. पाण्याला पिवळी छटा आली की प्या. आणि ड्रम फडक्यानं घट्ट बांधा, आठवड्यातून एकदा कोरडा करून घासा. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच होतो.

सरकारी टँकरकडं येते. टंचाईत माणशी 20 लिटर पाणी धरतात. यात एक गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे, कारण ती आमच्याच माणसांवर येते. आमच्या वस्तीवरचे बहुतेक लोक दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, जेमतेम नव्वद जण. पाहणी या दिवसांत झाली की वस्ती निम्मी रिकामी दिसते. कागदावरचा आकडा बऱ्याचदा 2011 च्या जनगणनेचा. आणि पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परत येतात, बैलं घेऊन, लेकरं घेऊन. नव्वदाचे दोनशे दहा होतात, नेमके पाणी सर्वांत कमी असताना. नव्वद माणसांना 10 हजारांची खेप पाच दिवस पुरते, दोनशे दहांना दोन. सहा महिने दुसऱ्याच्या फडात राबून आलेल्या बाईला स्वतःच्या दारात हंडाभर पाण्यासाठी भांडावं लागू नये. म्हणून घरटी यादी करा, परतणाऱ्या माणसांसकट. जनावरांची यादी वेगळी. बैलजोडीलाच उन्हाळ्यात दिवसाला 80 लिटर तरी लागतात.

ही यादी ग्रामपंचायतीच्या ठरावाला जोडायची. ठराव गटविकास अधिकाऱ्यांकडं जातो, तहसील आणि पंचायत समितीची माणसं पाहणीला येतात, मग मंजुरी. पण त्याच्याही आधी टंचाईचा आराखडा होतो, तीन टप्प्यांचा: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. त्यात 'गावे' आणि 'वाड्या' असे दोन वेगळे रकाने असतात. तुमच्या वस्तीचं नाव वाड्यांच्या रकान्यात आलं, तर टँकर वस्तीवर येईल. नाव नसेल, तर तो गावठाणात खाली होईल आणि तुमची बाई अडीच किलोमीटर चालेल. आमच्या वस्तीचं नाव दोन वर्षं सुटलं होतं. कुणी मुद्दाम गाळलं नव्हतं. ते लिहा म्हणून सांगायला आमच्यातलं कुणी गेलंच नव्हतं.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा आता तोंडावर आली आहे. वस्तीवरच्या बायांनो, त्या दिवशी शेतातलं काम दुपारनंतर ठेवा. माणसांची यादी, जनावरांची यादी आणि टाकी बसवायच्या जागेचं हातानं काढलेलं चित्र घेऊन चला. चित्रात रस्ता वर, टाकी खाली. ठरावात वस्तीचं नाव लिहिलं की नाही, ते तिथंच वाचून घ्या आणि मग सही करा.

नमस्कार.