बाकावर बसलेल्याला जास्त दिसतं

नमस्कार मंडळी. आज जरा लांबची गोष्ट काढलीये, अमेरिकेतल्या बेसबॉलची. लगेच स्टेशन बदलू नका, नियम शिकवत बसणार नाहीये, लागतील तेवढेच येता जाता सांगेन.

आपल्याकडे बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगायचे आणि ते स्वतः रणजी खेळलेले, म्हणजे खेळलेल्या माणसाने माइकसमोर बसायचं ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. तिकडे त्याची रीतसर वाटणीच झालीये. बॉक्समध्ये दोघं बसतात, एक जण काय घडतंय ते सांगतो आणि दुसरा ते का घडलं ते सांगतो, या दुसऱ्याला म्हणतात कलर कॉमेंटेटर आणि तो बहुतेक वेळा रिटायर झालेला खेळाडूच असतो.

आता कुणालाही वाटेल की जेवढा मोठा खेळाडू तेवढा चांगला कॉमेंटेटर, आपले गावस्कर आहेतच की. पण बेसबॉलमध्ये मला उलटंच दिसतं. तिथे लोकांनी जीव लावला तो बऱ्याचदा कॅचर लोकांना, आणि त्यातही बाकावर बसून राहिलेल्यांना.

कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर समजा. मैदानात नऊ जण, त्यातले आठ जण बॅट्समनकडे तोंड करून उभे, आणि हा एकटा बॅट्समनच्या पाठीमागे उकिडवा बसून सगळं मैदान समोर बघतो. पुढचा बॉल कसा टाकायचा ती खूण तो पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, करणार, कोण कुठे सरकलाय ते त्याला दिसणार, समोरचा बॅट्समन पुटपुटतोय तेही त्याला ऐकू येणार. (मी गल्लीत कायम कीपिंग केलं, कारण बॅट माझी नव्हती, त्यामुळे या जमातीबद्दल मला थोडं जास्तच प्रेम आहे हे कबूल करतो.)

टिम मॅकार्व्हर हा असाच एक कॅचर. सेंट लुईस कार्डिनल्सकडून १९६४ आणि १९६७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडची वर्षाची फायनल, जिंकला, १९८० ला रिटायर झाला आणि मग टीव्हीवर आला. तारीख ४ नोव्हेंबर २००१, वर्ल्ड सिरीजची सातवी म्हणजे शेवटचीच मॅच, न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध अ‍ॅरिझोना. शेवटची म्हणजे नववी इनिंग, स्कोअर २-२, तिन्ही बेसवर (पळताना थांबायच्या जागा त्या) अ‍ॅरिझोनाचे रनर उभे, एक आउट. एक रन आला की खेळ खल्लास. यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा, त्याच्यापुढे भलेभले गार पडायचे. यांकीजने जवळचे फिल्डर अजून पुढे बोलावले, हेतू एवढाच की बॉल जमिनीवरून आला तर झटकन उचलून घरच्या बेसवर, म्हणजे जिथे रन पुरा होतो तिथे, फेकायचा आणि रनर आउट करायचा. बरोबरच वाटतं ना ऐकायला? मॅकार्व्हर म्हणाला, इथेच धोका आहे. रिव्हेराचा बॉल डावखुऱ्याच्या अंगात घुसतो, बॅटच्या दांड्याजवळ लागतो, बॅट तुटते आणि बॉल लांब न जाता फिल्डरच्या डोक्यावरून जरासा मागे टपकन पडतो. समोर लुईस गोन्झालेझ, डावखुरा. मॅकार्व्हरचं बोलणं होऊन काही सेकंद गेले असतील नसतील, गोन्झालेझने बॅट फिरवली, बॉल दांड्याजवळ लागला आणि यांकीजचा फिल्डर डेरेक जीटरच्या डोक्यावरून जाऊन गवतावर टपकला. जीटर नेहमीच्या जागी उभा असता तर कॅच आरामात झाला असता. ३-२, अ‍ॅरिझोना चॅम्पियन.

भविष्य सांगितलं असं लोक म्हणतात, मला नाही तसं वाटत. वीसेक वर्षं मैदानाकडे तोंड करून बसलेल्या माणसाला जे दिसलं ते त्याने वेळेवर तोंडातून काढलं, आणि ते वेळेवर काढणंच तर अवघड असतं. बॉल पडल्यावर तर काय, आपण सगळेच एक्स्पर्ट. बरं, खरं बोलायची किंमत पण मोजली त्याने. १९९२ ला डीऑन सँडर्स एकाच दिवशी अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळायला गेला, मॅकार्व्हरने त्यावर टीका केली, तर मॅच जिंकल्यावर सँडर्सने ड्रेसिंग रूममध्ये त्याच्यावर बर्फाचं पाणी ओतलं, आणि एकदाच नाही बरं का!

मग डिझी डीन. हा मात्र पिचर आणि स्टार, १९३४ च्या एका सीझनमध्ये ३० मॅच जिंकलेला. पायाचा अंगठा मोडला, त्याला जपत जपत बॉल टाकायला लागला आणि त्यात हातच गेला, मग १९४१ पासून सेंट लुईसमध्ये रेडिओवर. भाषा म्हणाल तर अस्सल गावची, इंग्रजीचं व्याकरण त्याने धाब्यावर बसवलं होतं. आपल्याकडे कुणी रेडिओवर बिनधास्त "आनी पानी" म्हणावं तसं. मास्तर लोकांनी तक्रार केली की पोरं बिघडतायत, आणि ऐकणारे अजून वाढले. १९४७ ला तो सेंट लुईसच्याच ब्राउन्स टीमच्या पिचरना रेडिओवरूनच इतकं बोलला की यांच्यापेक्षा मी बरा टाकेन, तर मालकाने खरंच सीझनच्या शेवटच्या दिवशी त्याला मैदानात उतरवला. वय ३७. चार इनिंग टाकल्या, एक रन दिला नाही, वर बॅटने एक हिट मारली आणि स्नायू धरला म्हणून लंगडत बाहेर आला. आता असा कॉमेंटेटर कुठे सापडायचा सांगा!

आणि माझा सगळ्यात लाडका, बॉब युकर. तसा तो कलरवाला नाही, मुख्य वर्णनच करायचा, पण त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. हापण कॅचर. सहा सीझन, अ‍ॅव्हरेज .२००, म्हणजे पाचातून चार वेळा आउट, होम रन, म्हणजे आपला सिक्सर समजा, सगळे मिळून १४. त्याच्या टीमचा पिचर फिल निक्रो, त्याचा नकलबॉल हवेत नागमोडी जायचा, तो याच्या हातातून इतक्यांदा सुटला की १९६७ ला बॉल सोडण्यात हा लीगमध्ये पहिला. त्यावर त्याचंच म्हणणं, नकलबॉल पकडायचा उपाय सोप्पा आहे, गडगडत जाऊन थांबला की उचलायचा.

१९७१ पासून तो आपल्याच गावच्या, मिलवॉकीच्या ब्रूअर्स टीमचं रेडिओवर सांगायला लागला. आधी त्याला नवे खेळाडू हेरायला पाठवलं होतं, पण त्याच्या रिपोर्टवर जेवणाचे डाग पडलेले असायचे अशी गोष्ट मालक बड सेलिग सांगायचे. ५४ सीझन केले त्याने, आणि एका सीझनला १६२ मॅच असतात. शेतावर, गॅरेजमध्ये, गाडीत, तिकडची माणसं त्याचा आवाज लावून कामं करायची. ३ ऑक्टोबर २०२४ ला ब्रूअर्स जिंकता जिंकता शेवटच्या इनिंगमध्ये हरले, ती त्याची शेवटची मॅच ठरली. जानेवारी २०२५ ला तो गेला, नव्वद वर्षांचा होऊन.

मिलवॉकीच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, दिग्गजांचे असतात तसा. पण दुसरा एक आहे तो आत, अगदी वरच्या मजल्यावर शेवटच्या रांगेत, जिथून मैदान धड दिसत पण नाही आणि जिथली तिकिटं एक डॉलरला विकायचे. तिथे हा हसत बसलाय, आणि शेजारची खुर्ची मोकळी ठेवलीये.