एका दिवसात बहात्तर होल: मर्टल बीचला जोडीने मिनी गोल्फ

हे बघा, हे चार स्कोअरकार्ड आहेत. चारही एकाच दिवसाचे. यातलं हे दुसरं जरा भिजलेलं आहे, त्याची गोष्ट पुढे येईलच. तर नमस्कार मंडळी, आज सांगणार आहे की मी आणि माझ्या नवऱ्याने एक अख्खा शनिवार फक्त मिनी गोल्फ खेळण्यात कसा घालवला, कुठे खेळलो, कोणत्या क्रमाने खेळलो, आणि खेळताना काय काय शिकलो, कारण खरं सांगते, या खेळाबद्दलचं माझं मत त्या दिवशी पूर्ण बदललं.

आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनात केरीला. तिथून साऊथ कॅरोलायनातलं मर्टल बीच गाडीने तीन-साडेतीन तासांवर. समुद्र तर आहेच, पण या गावाला लोक मिनी गोल्फची राजधानी म्हणतात, आणि ते उगाच नाही, हायवे सेव्हन्टीनवरून नुसती गाडी चालवलीत तरी दर थोड्या अंतराने कुठे ज्वालामुखी, कुठे चाच्यांचं जहाज, कुठे डायनोसॉर रस्त्याच्या कडेला उभा दिसतो, सगळे मिनी गोल्फचे कोर्स, त्या पट्ट्यात तीसच्या वर आहेत.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. छोटे छोटे अठरा पट्टे असतात, त्यांनाच होल म्हणतात, हिरव्या गालिच्याचे, कडेला विटांचा किंवा लाकडाचा कठडा. हातात एक पटर, म्हणजे बॉल ढकलायची काठी, आणि एक रंगीत बॉल. पट्ट्याच्या एका टोकाहून मारायचं आणि दुसऱ्या टोकाच्या भोकात घालायचं, कमीत कमी शॉटमध्ये. बहुतेक ठिकाणी सहा शॉट झाले की तो होल सोडून पुढे जायचं. बॉल बाहेर गेला किंवा पाण्यात पडला तर एक शॉट दंड. कठड्याला चिकटून बसला तर पटरच्या डोक्याएवढा आत घेता येतो. बास, एवढेच नियम. आपण लहानपणी अंगणात गल खणून गोट्या खेळायचो ना, अगदी तीच मजा, फक्त वाकायचं कमी.

आता मुद्दा हा की एकाच दिवशी चार कोर्स कशाला? एक खेळा, आईस्क्रीम खा, घरी या. आम्हीही आजवर तेच करायचो. पण एक कोर्स खेळून काहीच कळत नाही, कारण तुमचा हात त्या एका गालिच्याला सरावतो आणि खेळ संपतो. लगेच दोन तासांनी दुसऱ्या कोर्सवर गेलात की सकाळचा जोर हातात ताजा असतो, आणि तोच जोर इथे चालत नाही, बॉल एकदम दोन फूट पुढे जातो किंवा अलीकडेच थांबतो, तेव्हा पहिल्यांदा लक्षात येतं की अरे हा गालिचा वेगळा आहे, हा जास्त घासलेला आहे, याचे केस उभे आहेत, हा ओला आहे. मला वाटायचं मिनी गोल्फ म्हणजे नशीब. तसं अजिबात नाहीये.

तर सकाळी सहाला निघालो. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, कैरीचं लोणचं, थर्मासमध्ये चहा. वाटेत फेयेटव्हिल लागतं, आणि ते गाव या खेळासाठी फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण १९५४ साली डॉन क्लेटन नावाच्या माणसाने तिथे पट-पट नावाने मिनी गोल्फ सुरू केलं. त्याला पवनचक्क्या, विदूषकाचं तोंड असलं काही नको होतं. साधे पट्टे, कडेला सरळ कठडे, प्रत्येक होलचा पार दोन. म्हणजे हुशारीने मारलंत तर प्रत्येक होल दोन शॉटमध्ये किंवा एकात जाऊ शकतो. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये आस्कोनाला पॉल बोन्यी याने ठरलेल्या मापांचा मिनीगोल्फ कोर्स उघडला. समुद्राच्या दोन बाजूंना दोन माणसांना एकाच वर्षी वाटलं की हा गंभीरपणे खेळायचा खेळ आहे. मला हे वाचल्यापासून फार आवडलेलं आहे.

पहिला कोर्स, हवाईयन रम्बल, नॉर्थ मर्टल बीचला. मधोमध चाळीस फुटी ज्वालामुखी, दर वीसेक मिनिटांनी गडगडाट होतो आणि वरून ज्वाळा निघतात. पण त्यामुळे फसू नका, खालचे होल अतिशय साधे दिसतात आणि तिथेच खरी परीक्षा असते. इथे दरवर्षी प्रोफेशनल मिनी गोल्फची मास्टर्स स्पर्धा भरते, लोक पैशांसाठी खेळायला येतात. म्हणून मी म्हणेन की पहिला कोर्स हाच ठेवा, सकाळी, डोकं ताजं असताना, गर्दी नसताना.

इथेच आम्ही दिवसभराचा आमचा नियम ठरवला, आणि तो मी तुम्हाला मनापासून सुचवते. एकजण मारायला उभा राहिला की दुसऱ्याने भोकाजवळ जाऊन उभं राहायचं, खाली वाकून उतार बघायचा आणि खरं खरं सांगायचं. हो, स्पर्धा चालू असताना, समोरचा आपला प्रतिस्पर्धी असताना. पहिल्या दोन-तीन होलला नवरा म्हणाला, अगं पण मग मी तुला जिंकायला मदतच करतोय की. मी म्हटलं हो, आणि मी तुला.

याचं कारण असं आहे. मारणाऱ्याला पूर्ण पट्टा दिसतो पण शेवटचे दोन-तीन फूट नीट दिसत नाहीत, आणि सगळा खेळ तिथेच असतो. बॉल वेगात असतो तेव्हा उताराचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, सरळ जातो, पण वेग कमी होत आला की उतार त्याला ओढायला लागतो. म्हणून बॉल भोकाजवळ येऊन वळतो आणि आपण म्हणतो छे, नशीबच फुटकं. नशीब नाही हो, तो उतार तिथे होताच, फक्त आपण लांबून पाहिला नव्हता. दोघांच्या चार डोळ्यांनी हे दिसतं. आम्ही पहिले नऊ होल आपापले खेळलो तेव्हा माझे सव्वीस झाले आणि त्याचे चोवीस. पुढचे नऊ होल एकमेकांना सांगत खेळलो, माझे एकवीस, त्याचे बावीस. तोच कोर्स, तीच माणसं.

दुसरी गोष्ट, कठड्यावरून मारायचे शॉट. आपल्याकडे ज्याने ज्याने कॅरम खेळलाय त्याला इथे वाटतं, अरे हे तर रिबाउंड! नवरा तर त्यांच्या चाळीतला कॅरम चॅम्पियन, त्याने पहिल्याच वळणदार होलला कॅरमसारखा कोन पकडून मारला आणि बॉल भलतीकडेच गेला. का? सोंगटी बोर्डावर घसरते, गोल्फचा बॉल गडगडतो. कठड्याला आपटल्यावरसुद्धा त्याचं गडगडणं काही क्षण कठड्याच्याच दिशेने चालू असतं, त्यामुळे तो अपेक्षेपेक्षा लवकर मंदावतो आणि कोन बदलतो. शिवाय कॅरमची पट्टी गुळगुळीत, इथे कडेला विटा असतील तर दोन विटांच्या सांध्यावर बसला की गेला कुठेही. आमचा अनुभव असा की लाकडी कठडा असेल तर बिनधास्त रिबाउंड घ्या, विटा असतील तर शक्यतो सरळ खेळा, एक शॉट जास्त लागला तरी चालेल.

आणि जिथे भोक सरळ दिसतच नाही तिथे पहिला शॉट भोकाकडे मारूच नका. जिथून दुसरा शॉट सोपा पडेल अशी जागा बघा आणि तिथे बॉल नेऊन ठेवा. कॅरममध्ये आपण क्वीन घेण्याआधी सोंगटी कशी जागेवर लावून ठेवतो, तसं. हे कळल्यावर नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता, तिथून पुढे दिवसभर तो प्रत्येक होलला आधी दोन मिनिटं नुसता उभा.

दुपारी ऊन चढलं. जूनमधलं कॅरोलायनाचं ऊन म्हणजे आपल्या मुंबईच्या मे महिन्यासारखं, घामाने हात चिकट होतात आणि पटर हातात फिरतो. म्हणून दुसरा कोर्स आम्ही मुद्दाम आतला निवडला होता. दक्षिणेला कॅन्कून लगून म्हणून आहे, माया लोकांच्या पिरॅमिडसारखी इमारत, त्यातले बरेच होल पिरॅमिडच्या आत. ज्यांना एका दिवसात जास्त कोर्स खेळायचेत त्यांनी दुपारचे दोन तास छपराखालीच काढा, यावर मी ठाम आहे. आत उजेड कमी असतो हे लक्षात ठेवा, काळा किंवा गडद निळा बॉल घेऊ नका, पिवळा किंवा गुलाबी घ्या. आणि पटर घेताना लांबी बघा, खाली टेकवून उभं राहिल्यावर हात न ताणता आणि न वाकवता पकडता आला पाहिजे, बहुतेक लोक जो हाताला लागेल तो उचलतात.

मग आला पाऊस. बाहेरच्या होलवर होतो आणि ढग गडगडायला लागले, सगळ्यांना आत जायला सांगितलं, वीज चमकत असताना हातात धातूची काठी घेऊन उघड्यावर उभं राहायचं नसतंच. हेच ते भिजलेलं स्कोअरकार्ड, पटकन त्याच्या टी-शर्टखाली घातलं होतं तरी भिजलं. पाऊण तास आम्ही गाडीत पुऱ्या खात बसलो आणि तेव्हा मी त्याला गार्नेट आणि फ्रीडा कार्टरची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते.

१९२० च्या दशकात लुकआउट माउंटन नावाच्या डोंगरावर, जॉर्जिया आणि टेनेसीच्या सीमेवर, हे जोडपं एक रिसॉर्ट उभारत होतं. पाहुण्यांना विरंगुळा म्हणून तिथे छोटा गोल्फ कोर्स केला, आणि त्याची मांडणी फ्रीडाची मानली जाते. तिला परीकथांचं वेड, तिने पोकळ ओंडके, बुटके, परीकथेतली पात्रं अशी सगळी सजावट केली. त्यालाच पुढे टॉम थंब गोल्फ म्हणायला लागले. गार्नेट धंद्यात हुशार, त्याने ते कोर्स तयार करून देशभर विकायला सुरुवात केली, आणि १९३० साली अमेरिकेत मिनी गोल्फची अशी लाट आली की हजारोंनी कोर्स झाले, न्यूयॉर्कमध्ये तर इमारतींच्या गच्च्यांवरसुद्धा. मंदीत ती लाट ओसरली हेही खरं. पण आज तुम्ही कुठेही चाच्यांचं जहाज किंवा ड्रॅगन असलेला कोर्स बघता ना, त्याच्या मुळाशी फ्रीडाचे ते बुटके आहेत. आणि त्याच्याही खूप आधी, १८६७ साली, स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला बायकांनी स्वतःचा पटिंगचा क्लब काढला होता, कारण बाईने खांद्याच्या वर काठी उचलून जोरात मारणं तेव्हा शोभत नसे. त्यांची ती उंचसखल हिरवळ अजून आहे, तिला हिमालय म्हणतात. नवरा बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, म्हणजे हा खेळ बायकांनीच घडवला की. गाडीच्या काचेवर पाऊस आणि हे वाक्य, माझ्यासाठी दिवसातला सगळ्यात छान क्षण तो होता.

पाऊस थांबला. एक लक्षात घ्या, पावसानंतर लगेच खेळायला मिळालं तर जोर सरळ दीडपट करा, ओला गालिचा बॉलला धरून ठेवतो. आम्ही उरलेले होल तसेच संपवले.

संध्याकाळ आणि रात्र माउंट अटलांटिकस. हा माझा सगळ्यात आवडता. गावाच्या मध्यभागी, पूर्वीच्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या जागी उभा केलेला, मजल्यावर मजले, जिने, झोपड्या, गुहा, आणि वर चढत गेलात की समुद्र दिसतो. दोन कोर्स आहेत, काँच आणि मिनोटॉर. आम्ही काँच आधी खेळलो, उजेड असताना, आणि मिनोटॉर दिवे लागल्यावर. हाच क्रम ठेवा, कारण मिनोटॉरला शेवटी एक एकोणिसावा होल आहे आणि तो एका शॉटमध्ये गेला तर तिथे आयुष्यभर फुकट खेळायला मिळतं. असली गोष्ट दिवसाच्या शेवटीच हवी.

खर्चाचं विचारणार म्हणून सांगते, एका कोर्सचं तिकीट माणशी साधारण दहा ते पंधरा डॉलर धरा, काही ठिकाणी दिवसभराचं तिकीटही मिळतं. दोघांना अठरा होलला पाऊण तास ते एक तास लागतो. पुढे मोठा ग्रुप असेल तर रेंगाळू नका, त्यांना विनंती करा, बहुतेक लोक हसत पुढे जाऊ देतात. चारपेक्षा जास्त कोर्स मात्र करू नका, चौथ्याला माझी कंबर बोलायला लागली होती.

तर एकोणिसावा होल. रात्रीचे पावणेदहा, बेरीज करून बघितलं तर एकाहत्तर... नाही, बहात्तर होलनंतर तो माझ्यापेक्षा फक्त एका शॉटने पुढे. तो म्हणाला तू आधी मार. मी मारला, बॉल कडेने गेला. मग तो उभा राहिला आणि मी सवयीने पुढे जाऊन वाकले, नीट बघितलं, आणि सांगितलं, थोडा डावीकडून, अरे थोडा अजून, हां, आणि जोर कमी. त्याने तसाच मारला. बॉल भोकाच्या काठाला लागला, अर्धा फेरा घेतला, आणि बाहेर आला.

दोघंही तिथेच उभे, आणि मग तो म्हणाला, लाइन बरोबर होती गं.