पाणसळ असलेली कॅसेट

मंडळी, मघाशी माझी ओळख 'गेमचे अभ्यासक' अशी करून दिली. तसलं काही नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ बसवण्यात जन्म घालवलेल्या फिटरचा मी मुलगा, आणि आज बोलणार आहे ते व्हिडिओ गेमच्या एका गुलाबी कॅसेटबद्दल. कार्ट्रिज म्हणायचं खरं, पण आपण सगळे कॅसेटच म्हणायचो.

ही बघा. आरपार दिसणारं प्लास्टिक. 'कर्बी टिल्ट एन टम्बल'. जपानात २००० साली आला, अमेरिकेत २००१च्या एप्रिलात. माझा मामा शिपवर होता, त्यानं आणली. कर्बी म्हणजे एक गुलाबी गोळा. त्याला खड्डे, भिंती, शत्रू चुकवत वेळेत पलीकडे न्यायचं. पण बटणांनी नाही. ज्यात ही कॅसेट घालून खेळायचं तो हातात मावणारा अख्खा गेम बॉय कलर कलवायचा, की गोळा उताराला लागतो. झटकन वर उसळवला की तो उडी मारतो.

कल्पना जुनीच. यात्रेत छर्‍यांची डबी मिळायची ना, वर पारदर्शक झाकण, आत भोकं? सगळे छर्रे भोकांत बसवायचे. अमेरिकेत १८८९ साली चार्ल्स क्रँडल यांच्या 'पिग्ज इन क्लोव्हर' नावाच्या असल्याच डबीनं लोकांना वेड लावलं होतं. फरक एवढाच, की डबीतला छर्रा खरा असतो. पडद्यावरल्या गोळ्याला वजन कुठलं?

ते वजन या कॅसेटमध्ये आहे. गेम बॉयला कल कळत नाही. तो कळणारी चिप कॅसेटच्या आत बसवलेली. चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा, तेवढ्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला. कॅसेट कलली की तो केसाहून कितीतरी कमी सरकतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्याबरोबर कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, बदलते, आणि त्यावरून गोळा किती जोरात घरंगळवायचा ते ठरतं. आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये हे आहे, म्हणून कुणाला नवल नाही. तेव्हा दोन पेन्सिल सेलवर चालणार्‍या खेळण्यात होतं.

याची एक गंमत पुढे झाली. २००३ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी आला. त्यात कॅसेट खालून घालायची, म्हणजे ती उलटी बसते. चिपच उलटी, मग दिशाही उलट्या. आरशात बघून दुसर्‍याचा भांग पाडल्यासारखं खेळावं लागतं.

साध्या गेम बॉय कलरचा त्रास वेगळा. पडद्याला स्वतःचा उजेड नाही. एरवी उजेडाकडे तोंड करून बसलं की भागतं. इथं हात कलवला की पडदा चमकतो आणि नेमका खड्ड्यापाशी गोळा दिसेनासा होतो. मी दारात बसून मान, खांदे, कंबर सगळंच कलवायचो. आजी म्हणायची, "काय करूलालास रे? अंगात आलंय की काय?"

बाबांनी गेम बॉय पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मान हललीही नाही. मनगटंच हलत होती, तीही दिसेल न दिसेल इतकी. मला आठवडाभर न सुटलेला टप्पा त्यांनी तिसर्‍या झटक्यात पार केला. वर म्हणाले, "ही पाणसळच की रे! बुडबुड्याच्या जागी गोळा." पाणसळ म्हणजे बुडबुड्यानं सपाटी दाखवणारी पट्टी; लेथ बसवताना तिच्यावर डोळा ठेवून बोल्ट पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, हेच त्यांनी तीस वर्षं केलेलं.

मग त्यांना चेव आला. गेम बॉय पडवीतल्या शहाबादी फरशीवर ठेवला. गोळा आपोआप अंगणाकडे निघाला. मला वाटलं, कॅसेट बिघडली. बाबा आत गेले, पिशवीतून खरी पाणसळ आणली, शेजारी ठेवली. बुडबुडा एका टोकाला.

"बरोबर दाखवतोय तो," ते म्हणाले. "पावसाचं पाणी जायला उतार मीच गवंड्याकडून काढून घेतला होता."