सोन्यारुप्याचा देह

श्रोतेहो, नमस्कार. संतांच्या अस्थी, रक्त किंवा वस्त्राचे तुकडे जपण्यासाठी इटलीतील चर्चांनी धातूची जी पात्रे घडवून घेतली, त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, जुने पवित्र अवशेष पात्राबाहेर काढून दाखवू नयेत असा दंडक घातला. त्यामुळे भाविकाची नजर प्रथम पडायची ती सोनाराच्या कामावर, आणि ही गोष्ट सोनारांनीही चांगलीच ओळखलेली दिसते.

नेपल्सचे संरक्षक संत सान जेन्नारो हे याचे ठळक उदाहरण. त्यांच्या कवटीच्या अस्थींसाठी आंजू घराण्यातील राजा दुसरा चार्ल्स याने १३०५ मध्ये चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला अर्धपुतळा करवून घेतला. नेपल्सच्या या मानबिंदूचे कारागीर मात्र फ्रेंच होते. आत अस्थी कोणत्या भागाच्या आहेत, हे पात्राच्या आकारावरूनच कळावे, अशी ही पद्धत होती. म्हणून कवटीसाठी मस्तक आणि हाताच्या हाडासाठी धातूचा हात घडवला जाई.

या परंपरेला खरे वळण दिले ते फ्लॉरेन्सचा शिल्पकार दोनातेल्लो याने. फ्लॉरेन्सच्या ओन्यिस्सांती चर्चमधील मठवासीयांनी संत रोस्सोरे यांच्या कवटीसाठी त्याच्याकडे पात्र मागितले, तेव्हा १४२०च्या दशकात त्याने चांदीचा पत्रा ठोकण्याऐवजी कांस्याचे वेगवेगळे भाग ओतले, ते जोडले आणि त्यांवर सोन्याचा मुलामा चढवला. रोस्सोरे हे रोमन सैनिक, धर्मासाठी प्राण दिलेले. पण इथे दिसतो तो आखूड दाढीचा, खाली पाहणारा, विचारात पडलेला एक माणूस, जणू शिल्पकाराने ओळखीच्याच कोणाला समोर बसवले असावे. माझ्या मते इथे पात्राने आतल्या अवशेषावर मात केली. आज पिसाच्या सान मात्तेओ संग्रहालयात लोक येतात ते दोनातेल्लोसाठी.

या कारागिरीचा एक धागा आपल्या गोव्यापर्यंत पोहोचतो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत, ती सतराव्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. तिच्याखालचा रंगीत दगडांचा भव्य चौथरा मात्र इटलीतील तस्कनीचा राज्यकर्ता, ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवला. संतांच्या मस्तकाखालची उशी त्याला भेट मिळाली होती, तिची ही परतफेड. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्या हातचे हे काम १६९८ मध्ये गोव्यात उभे राहिले, आणि त्यावरील कांस्याच्या फलकांत संतांच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. दर दहा वर्षांनी दर्शनासाठी अवशेष से कॅथेड्रलमध्ये नेले जातात, तेव्हाही फोज्जिनीचा चौथरा जागेवरच असतो; अशा वेळी गोव्यात असाल, तर त्या फलकांसाठी बासिलिकेत अवश्य डोकवा.