पानावरची लव: पांडा प्लांटची गोष्ट

कॅमेरा पानाच्या अगदी जवळ नेलाय बघा. आधी वाटतं कुठल्यातरी मऊ कापडाचा तुकडा आहे, मग हळूहळू एकेक केस दिसायला लागतो, पांढरा, आखूड, आणि इतके दाटीवाटीने की खालचा हिरवा रंग नुसता आतून झिरपल्यासारखा वाटतो, म्हणूनच लांबून हे सगळं झाड चंदेरी-राखाडी दिसतं. पानाच्या टोकाकडे कडेकडेने हे तपकिरी ठिपके, कुणीतरी बारीक ब्रश टेकवत गेल्यासारखे. हे पांडा प्लांट. शास्त्रीय नाव कलांचो टोमेंटोसा, आणि टोमेंटोसा म्हणजेच दाट लव असलेलं. 1882 साली जॉन गिल्बर्ट बेकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं, आणि मला तरी वाटतं की या झाडाबद्दल जे काही समजून घ्यायचंय ते सगळं या लवेपासूनच सुरू होतं.

झाड मूळचं मादागास्करचं. तिथल्या खडकाळ, कोरड्या जागी वाढणारं. ऊन भरपूर, पाणी मधूनमधून. अशा ठिकाणी पानातलं पाणी टिकवणं हाच जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो, आणि तिथे ही लव दोन कामं करते, एक म्हणजे पांढरी असल्यामुळे कडक ऊन बरंचसं परत फेकते, आणि दुसरं म्हणजे पानालगत हवेचा एक पातळ थर अडवून धरते, वारा थेट पानाला लागत नाही त्यामुळे ओलावा भराभर उडून जात नाही. आपण स्वेटर घालतो तो ऊब राखायला, हे झाड ओल राखायला घालतं म्हणा ना.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. बहुतेक झाडं दिवसा पानावरची बारीक छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, हे मात्र दिवसा ती मिटून ठेवतं आणि रात्री उघडतं, कारण रात्री हवा गार असते आणि पाणी कमी उडतं. रात्रभर घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवून ठेवायचा, हिरव्या सफरचंदाला आंबटपणा येतो ना तेच आम्ल, आणि सकाळी ऊन आलं की दारं बंद करून आतल्या आत त्याची साखर बनवायची. या झाडाची एक चुलत बहीण आपल्या ओळखीची आहे, पानफुटी. 1813 साली बेंजामिन हेन नावाच्या भारतात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहून कळवलं होतं की पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे थोडं कडवट. जीभ हीच त्याची प्रयोगशाळा! पण तुम्ही हे करून बघू नका, का ते पुढे सांगते.

तर काळजीचं सांगायचं तर पाणी. माझं पहिलं पांडा प्लांट मी मारलं, आणि प्रेमाने मारलं. रोज सकाळी स्प्रे घेऊन पानांवर फवारायचे, थेंब त्या लवेवर मोत्यांसारखे अडकून बसायचे, दिसायला इतकं सुंदर की मी फोटो काढायचे, आणि महिन्याभरात पानांवर तपकिरी डाग पडले, मग बुडाकडची पानं पिवळी पडून पाणी भरल्यासारखी लिबलिबीत झाली, आणि एक दिवस नुसतं धरलं तर खोडच हातात आलं. लवेत अडकलेलं पाणी लवकर वाळत नाही हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून या झाडाला स्प्रे नाही म्हणजे नाही. पाणी द्यायचं ते कुंडीच्या कडेने, मातीला, पानं न भिजवता.

किती दिवसांनी, हा प्रश्न सगळे विचारतात आणि मी कधीच आकडा सांगत नाही. कारण तुमची कुंडी मातीची आहे की प्लास्टिकची, खिडकीत ऊन किती येतं, हवा दमट आहे की कोरडी, यावर सगळं अवलंबून आहे. एक लाकडी काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, थोड्या वेळाने काढा, काडी कोरडी आली तरच पाणी. आणि द्यायचं तेव्हा मात्र भरपूर, खालच्या भोकातून वाहेपर्यंत, आणि मग बशीतलं पाणी ओतून टाकायचं. चमचाभर रोज देणं हे सगळ्यात वाईट, वरची माती कायम ओली आणि खालची मुळं उपाशी. थोडा सराव झाला की काडीचीही गरज उरत नाही, कुंडी उचलली की वजनावरूनच कळतं. झाडाला खरंच तहान लागली असेल तर पानं किंचित पातळ होतात, सुरकुततात, आणि पाणी मिळालं की एक-दोन दिवसांत पुन्हा टच्च होतात. सुरकुतलेलं पान परत येतं हो, लिबलिबीत झालेलं येत नाही, त्यामुळे शंका आली तर दोन दिवस थांबा.

माती भुसभुशीत हवी. मी अर्धी नेहमीची कुंडीची माती आणि अर्धं जाडसर काहीतरी घेते, परलाइटचे हलके पांढरे दाणे, जाड वाळू, बारीक खडी, जे हाताशी असेल ते. कुंडीला भोक हवंच आणि कुंडी झाडापेक्षा फार मोठी नको, कारण जिथे मुळं पोचलेली नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि सडण्याची सुरुवात तिथूनच होते.

आणि उजेड. या दोन कुंड्या शेजारी शेजारी ठेवल्यात बघा, दोन्ही एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या. डावीकडची खिडकीत वाढली, पानं एकमेकांना चिकटून, कडेचा तपकिरी रंग गडद. उजवीकडची खोलीच्या आतल्या कोपऱ्यात होती, खोड लांबट होऊन एका बाजूला कललंय, दोन पानांमधलं अंतर बोटभर झालंय, रंगही फिका. ती जगतेय, पण उजेड शोधत जगतेय. हिला आता एकदम उन्हात ठेवलं तर पानं भाजतील, म्हणून दहा-पंधरा दिवस रोज थोडी थोडी पुढे सरकवायची. थंडीचं एवढंच की तापमान 10 अंशांच्या खाली जायला लागलं की आत घ्या आणि पाणी अगदी कमी करा, थंडी आणि ओली माती एकत्र आली की हे झाड टिकत नाही.

हात लावायचा मोह मात्र आवरत नाही कुणालाच, मलाही. कधीतरी हळूच लावला तर काही होत नाही, पण तेच पान पुन्हा पुन्हा चोळलं की लव दबते, झडते, आणि ती त्या पानाला परत येत नाही. धूळ बसली तर ओलं फडकं नको, मऊ कोरडा ब्रश घ्या, रंगकामाचा किंवा मेकअपचा, आणि देठाकडून टोकाकडे हलकेच फिरवा.

लवेचा एक तोटाही आहे. पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, तो पण पांढरा आणि कापसासारखा, त्यामुळे या पानांवर पटकन दिसतच नाही. पान आणि खोड जुळतं त्या बेचक्यात बघायचं, आठवड्यातून एकदा तरी. सापडला तर कानकाडीला सर्जिकल स्पिरिट लावून थेट किड्यावर टेकवायचं, आधी एका पानावर करून बघून. तेलकट फवारे इथे टाळाच, तेलाने लव चिकटून बसते आणि पान कायमचं खराब दिसतं.

आणि मघाशी म्हटलं ते, चाखू नका. कलांचोच्या झाडांमध्ये हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. मांजराने किंवा कुत्र्याने चावून खाल्लं तर उलट्या, जुलाब होतात, आणि जास्त पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरात प्राणी किंवा रांगणारं मूल असेल तर उंचावर ठेवा, आणि कुणी खाल्लंच तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

आता शेवटचा शॉट, याला मला तीन महिने लागले. त्या मेलेल्या झाडाचं वरचं एक पान धड राहिलं होतं. पानफुटीसारखी याच्या पानाच्या कडेने पिल्लं येत नाहीत, ती देठाच्या टोकाशी येतात, म्हणून पान अख्खं, बुडापासून निघायला हवं. ते मी चार-पाच दिवस सावलीत नुसतं पडू दिलं, जखम सुकेपर्यंत, मग कोरड्या मातीवर आडवं ठेवलं, पुरलं नाही. कितीतरी दिवस काहीच नाही. मग गुलाबीसर दोन-तीन मुळं दिसली, तेव्हा कुठे त्यांच्याजवळ पाण्याचे थेंब द्यायला लागले. आणि मग हे. मोहरीच्या दाण्याएवढं पिल्लू, आणि इतक्या लहान वयात त्याच्याही अंगावर लव आहे. मोठं पान आता सुरकुतत चाललंय, आपलं पाणी त्याला देतंय. ओढून काढायचं नाही. पूर्ण वाळलं की आपोआप सुटेल.