एक मीटर गवत

(मे महिन्यातली सकाळ. बोडका उतार. खाली बोरिवलीच्या इमारती, पलीकडे खाडीचा धूसर पट्टा.)

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. या उतारावर गवत आहे असं आत्ता सांगितलं तर कुणाला पटणार नाही. पिवळी खुंटं, तापलेला काळा कातळ, मधूनच करवंदाची जाळी. पण उकिडवं बसून खुंटाच्या बुडाची माती बोटाने बाजूला केली, की जमिनीलगत फिकट हिरवा कोंब दिसतो. गवताचा जीव शेंड्यात नसतो, बुडाशी असतो. म्हणून तर हरणाने वरचं पातं खाल्लं तरी गवत पुन्हा वाढतं.

हा उतार संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला. मुंबई आणि ठाण्याच्या मधलं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल. तुळशी आणि विहार हे दोन तलाव याच्याच कुशीत. इथे येणारा जो तो बिबट्याची चौकशी करतो. आम्ही वर्षातून चार वेळा येतो ते गवत मोजायला.

(पाठीवरची पिशवी उघडते. प्लास्टिकच्या नळ्या एकमेकींत बसवल्या जातात.)

सामान फार नाही. पांढऱ्या नळ्यांची एक चौकट, एक मीटर लांब, एक मीटर रुंद. मोजपट्टी, पेन्सिल, कागदी पिशव्या, विळा. चौकटीच्या चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. मे असो की ऑगस्ट, चौकट तिथेच बसली पाहिजे. नाहीतर बदल गवतात झाला की आपली जागा सरकली, हे कळणार कसं?

मग गुडघे टेकून हिशेब सुरू होतो. उघडी माती किती, दगड किती, पाचोळा किती. कुठल्या जातीच्या गवताने किती जागा धरली आहे. उंची किती. चितळाच्या लेंड्या आहेत का, ताज्या की वाळलेल्या. शेवटी दर वेळच्याच कोनातून एक फोटो.

शेजारी तेवढ्याच जागेतलं गवत विळ्याने बुडापासून कापायचं, कागदी पिशवीत भरायचं, भट्टीत साठ-सत्तर अंशांवर दोन दिवस वाळवायचं आणि मगच वजन करायचं. ओल्या गवताचं वजन फसवं. त्यात पाणीच जास्त असतं.

मे महिन्यातलं हे वजन मला सगळ्यात मोलाचं वाटतं. श्रावणात चितळाला खायला काय कमी? खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. गवत संपत आलं की चितळं झाडाखाली जातात, गळालेली पळसाची, शिवणीची फुलं खातात. वर वानरं पाला खात असतील तर खाली चितळं हमखास दिसतात, कारण वानरं खातात कमी आणि टाकतात जास्त. एवढं करूनही पहिला पाऊस पडेपर्यंत किती चितळं तग धरणार, हे उरलेल्या चाऱ्यावर ठरतं. आणि चितळ, सांबर म्हणजे बिबट्याचं जंगलातलं अन्न.

(पाऊस. छत्रीखाली वही.)

जुलै. तोच उतार, आता ओळखू येत नाही. गुडघ्याएवढं गवत, त्यात टाकळा, तेरड्याची रोपं, कवल्याची पिवळी फुलं. गवताच्या पात्यांना शिवून घरटी बांधणारा वटवट्या आपल्याच नावाचा जप करत असतो. सुगरणीचे नर पात्याच्या लांब चिरफळ्या काढून नेतात.

आमच्यासाठी मात्र हा अवघड महिना. तुरे आलेले नसतात आणि तुऱ्याशिवाय गवताची जात ओळखणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. पातं जिथे काडीला मिठी मारतं, तिथे आतल्या बाजूला एक पापुद्रा असतो, काही जातींत त्याऐवजी नुसती केसांची झालर. भिंगातून ते बघायचं. पेऱ्यावर लव आहे का, पातं चुरगळल्यावर वास येतो का, तेही बघायचं. रोशा गवत वासावरून लगेच सापडतं.

हे शिकायला मुंबईसारखी जागा नाही, हे मी अभिमानाने सांगते. झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतींचे वाळवून चिकटवलेले नमुने जपलेला संग्रह आहे, फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचा. हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट पाद्री. चार्ल्स मॅककॅन यांच्यासोबत त्यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांचा अभ्यास केला. तो १९३५ साली ग्रंथरूपाने छापून आला, तेव्हा ब्लॅटर यांना जाऊन वर्ष झालं होतं. आजही एखादं गवत अडलं की आमची गाडी तिथेच जाते.

कुणी म्हणेल, उपग्रह आहेत, मग चिखलात कशाला बसायचं? उपग्रहाची चित्रं आम्हीही वापरतो. सेंटिनेल-२ हे उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी याच जागेवरून जातात आणि दहा-दहा मीटरच्या तुकड्यांत हिरवळ दाखवतात. पण जुलैत त्यांना दिसतात ते ढग. ढग सरले, तरी वरून हिरवं ते हिरवंच. ते गवत आहे की घाणेरीची झुडपं, हे इथे बसल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

आणि सगळा प्रश्न त्या घाणेरीचाच आहे. घाणेरी आणि रानमोडी, दोन्ही अमेरिका खंडांतून आलेल्या. चितळं त्यांच्याकडे वळत नाहीत. रानमोडीचं बी वाऱ्यावर उडतं आणि जिथे माती उघडी दिसेल तिथे रुजतं. उन्हाळ्यात तिच्या वाळलेल्या काड्या भडाभडा पेटतात. वणवा विझला की काळ्या पडलेल्या जमिनीवर पुन्हा तीच आधी उगवते. म्हणजे जंगल दुरून वर्षानुवर्षं हिरवंगार दिसत राहतं आणि त्यातला चारा मात्र घटत जातो.

(पाड्याकडे जाणारी पायवाट.)

पाड्यावरच्या एक वारली मावशी आमच्या सोबत येतात. गवताची नावं त्यांना आमच्याआधी सुचतात. "पूर्वी या माळावरून छपराला गवत न्यायचो," त्या सांगतात. "आता पत्रे आले. पन न्यायचं म्हटलं तरी तेवढं गवत नाय इथं." हे वाक्य मी त्या दिवशीच्या नोंदवहीत लिहून ठेवलं आहे.

(ऑक्टोबरचं ऊन. सोनेरी उतार.)

ऑक्टोबर. कुसळी गवत पिकलं आहे. मोजणी संपली की अर्धा तास मोज्यांतली कुसळं काढण्यात जातो. प्रत्येक कुसळाच्या टोकाला टोकदार बी असतं आणि मागे पीळ पडलेली लांब शेपटी. दमट हवेत तो पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो. असं फिरत फिरत बी स्क्रूसारखं जमिनीत शिरतं.

चौकटीत आत्ता सगळ्यात जास्त गवत आहे, आणि तरी चितळांच्या दृष्टीने सुगी संपत आली. तुरा आला की काडी कडक होते, पात्यातली प्रथिनं उतरतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या चाऱ्यात प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली, की पोटातल्या जिवाणूंचं काम मंदावतं. पोट भरलेलं असतं, पण अंगाला लागत नाही. म्हणून नुसतं वजन पुरत नाही. कोवळं किती, जून किती, हेही लिहावं लागतं.

(उतारावरचे खड्डे. कॅमेरा जवळ जातो.)

आमची एक चौकट आरेच्या बाजूच्या उतारावर आहे. एका ऑगस्टमध्ये तिथे पोचलो तर एक खुंटी उपटलेली आणि चौकटीच्या आत-बाहेर रांगेत खड्डे. प्रत्येक खड्ड्यात उंदीरमारीचं रोप आणि शेजारी छोटी पाटी. कुणीतरी वृक्षारोपण केलं होतं. मन लावून केलं होतं, रोपांना काठ्यांचा आधारही दिला होता. मी तिथेच बसून राहिले. त्यांना ती जागा रिकामी दिसली असणार. मोकळ्या माळाला आपण पडीक म्हणतो, सरकारी नकाशांतही असे माळ पडीक जमिनीत मोडतात. त्याच रिकाम्या जागेत पावसाळ्यात चंडोल अंडी घालतो.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पावसात बहुतेक जमीन नुसती सोडून दिली तरी तिथे झाडी येईल. सोलापूर-नगरकडचे माळ वेगळे, तिथे कमी पावसाचं गवत हाच मूळ स्वभाव. इथे गवत टिकलं आहे ते कातळावरच्या पातळ मातीत आणि माणसाने कधीकाळी साफ केलेल्या जागांवर. म्हणून सगळं जंगल तोडून गवत करा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण जे थोडे माळ उरले आहेत, त्यात खड्डे खणू नका, हे मात्र हात जोडून सांगते.

ती रोपं पुढच्या उन्हाळ्यात बरीचशी वाळून गेली. खड्डे राहिले. उकरलेल्या भुसभुशीत मातीत पहिल्याच पावसात रानमोडी उगवली.

(जून. पहिला पाऊस येऊन गेला आहे.)

आज पुन्हा त्याच चौकटीपाशी आलो आहोत. मावशींनी खुंटी दगडाने ठोकून जागेवर बसवली. रानमोडीची रोपं अजून वीतभर आहेत. ती उपटायच्या आधी मोजायची, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल. कडेला, खड्ड्याच्या तोंडाशी, ओल्या मातीत कुसळीची चार-पाच बियाणी उभी रुतलेली दिसताहेत, शेपट्या वर. मी पेन्सिलला टोक करते. मावशी मोजपट्टीचं दुसरं टोक धरतात.